बिनगळतीची पंगत

आबांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यातच कंपनीने मला असं काम दिलं, ज्यात काहीही हरवलेलं चालणार नव्हतं. या योगायोगाचं मला हसू आलं, पण ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

काम काय ते आधी सांगते. त्याशिवाय पुढची फजिती कळणार नाही, आणि सांगूनही ती शेजारच्या केशवरावांना अजून कळलेली नाही. आमच्या कंपनीचं शहराच्या पश्चिमेला एक डेटा सेंटर आहे. तिथल्या एका हॉलमध्ये एका बड्या ग्राहकासाठी शेकडो नवे सर्व्हर बसवले होते. ते सगळे मिळून एकच मोठं गणित सोडवतात, म्हणून एकमेकांशी अखंड बोलत असतात. त्यांचं बोलणं लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातं, आणि मधले नेटवर्क स्विच ती इकडची तिकडे पोचवतात. एरवी स्विचमधली जागा भरली की तो नवं आलेलं पॅकेट सरळ टाकून देतो, आणि पाठवणारा ते पुन्हा पाठवतो. आपल्या फोनवरचा सिनेमा असाच गळत, सावरत येतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. या नव्या सर्व्हरांना मात्र गळती सोसत नाही. एक तुकडा पडला की मागचं बरंचसं पुन्हा. म्हणून स्विचने पूर्ण भरायच्या आतच मागच्याला ‘थांब’ म्हणायचं, मोकळं झालं की ‘ये’ म्हणायचं, आणि एकही पॅकेट टाकायचं नाही. ही बिनगळतीची व्यवस्था साऱ्या स्विचवर बसवायची जबाबदारी माझी. शनिवारी दुपारी ग्राहकाची चाचणी. आणि आबांची तिथीही शनिवारीच.

मी भाग्यलक्ष्मी मॅडमकडे रजा मागायला गेले. या आमच्या विभागप्रमुख. मी सुरुवात केली, “शनिवारी मला जरा…”

“तद्दिनम है ना तुमारे नान्नगारू का?” त्यांनीच विचारलं. तेलुगूत वडिलांना नान्नगारू म्हणतात आणि वर्षश्राद्धाला तद्दिनम. “तद्दिनम है तो छुट्टी पूछते नहीं जी, बोल देते.”

“पण चाचणी?”

“तिथि चांद के हाथ में है, टेस्ट कस्टमर के हाथ में. दोनों अपनी नहीं सुनते. तुम शुक्रवार तक सब चढा दो, शनिवार को कौस्तुभ देख लेगा.” एवढं बोलून त्यांनी टेबलावरचा पुतरेकूंचा, म्हणजे कागदासारख्या पातळ आंध्र मिठाईचा, डबा पुढे केला. माझा हात आपोआप आडवा झाला. वर्षभर मी गोड खाल्लं नव्हतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. आधी दुखवटा म्हणून, मग सवय म्हणून. मॅडमनी डबा मिटला आणि काही विचारलं नाही. बॉस म्हणून त्या किती मोठ्या आहेत हे कळायला एवढं पुरे.

घरी काचीगुड्यात निराळीच चाचणी सुरू होती. वर्षश्राद्धाचं जेवण आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ठेवायचं होतं आणि प्रश्न होता, पंगत की बुफे. शेजारचे केशवराव पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि जगातला कुठलाही प्रश्न पाइपाच्या व्यासाशी येऊन थांबतो असं त्यांचं मत आहे.

“बुफे ठेवा, बाई,” ते आईला म्हणाले. “लोक उभ्याने घेतात, उभ्याने खातात, प्रवाह चालू राहतो. पंगतीत सगळं तुंबतं.”

“आबांच्या नावाचं जेवण उभ्याने नको,” मी म्हटलं.

“मग वाढणार कोण? आबासाहेब गेल्यापासून मंडळात पंगत उठली आहे का एक तरी?”

“मी बघीन.”

आई गहू निवडत होती. तिने वर पाहिलं. “जमेल का गं तुला, दर्शू? बोलून बसायलीस, मग ऑफिसचा फोन आला की पळशील.”

“पळणार नाही. आबांची पंगत त्यांच्यासारखीच उठवीन.”

हे मी कशाच्या जोरावर बोलले, ते मला माहीत नव्हतं. पण बोलले होते, आणि केशवरावांच्या देखत बोलले होते. म्हणजे संध्याकाळच्या आत ते मलकपेठपर्यंत पोचणार होतं.

आबांची पंगत म्हणजे काय, हे नवीन माणसाला सांगणं कठीण आहे. आबा होते पोस्टात, पण आमच्या लोकांत त्यांची ओळख वाढप्यांचा म्होरक्या म्हणूनच. लग्न असो, मुंज असो, तेरवी असो, खांद्यावर पंचा टाकून आबा पंगतीच्या टोकाला उभे राहिले की यजमान निश्चिंत व्हायचा. त्यांच्या पंगतीत पानाबाहेर काही सांडत नसे, पानात काही उरत नसे आणि उपाशी कुणी उठत नसे. ते वाढप्यांना शिकवायचे तेव्हा लहानपणी मी शेजारी बसून ऐकायची. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायचं. हात पानावर आडवा आला की थांबायचं. भाताला आडवा आलेला हात वरणाला लागू नाही. भात थांबला तरी वरण चालू. आणि सगळ्यात महत्त्वाचं: माणूस ‘पुरे’ म्हणतो तोवर वगराळं कललेलंच असतं. जे कललं ते पडणारच. म्हणून पानात एका वगराळ्याची जागा शिल्लक असतानाच विचारायचं.

नेटवर्कवरच्या जाडजूड पुस्तकांत हेच लिहिलेलं आहे, फक्त त्यात तूप नाही. ‘थांब’चा निरोप मागे पोचेपर्यंत तारेत असलेली पॅकेटं येतच राहतात, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. वाहतुकीचे क्रमांकाने वर्ग पाडलेले असतात, आणि एका वर्गाची वाहतूक थांबवली तरी बाकीचे वर्ग चालू राहतात. शिकताना माझे सहकारी डोकं धरून बसले होते. मला ते पोळीच्या घडीसारखं ओळखीचं वाटलं, आणि त्याचा मला थोडा माजही चढला.

तो उतरायला सोमवार पुरला. मी सगळ्या स्विचवर तिसऱ्या वर्गाला ‘थांब’ लावला होता, आणि ग्राहकाच्या लोकांनी सर्व्हरवरची महत्त्वाची वाहतूक चौथ्या वर्गात घातली होती. आम्ही दिवसभर मोठ्या शिस्तीने जो गप्प बसला होता त्यालाच गप्प करत होतो, आणि वरण मोकाट वाहत होतं. ग्राहकाचा माणूस युवराज. पुण्याकडून आलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि बोलण्यालाही तशीच इस्त्री. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही मेलमध्ये चौथाच लिहिला होता.” लिहिला होता. मी तिसराच वाचला होता.

मंगळवारी वर्ग बदलायचा तर बदल-मंजुरी समितीसमोर जावं लागलं. ही समिती आठवड्यातून एकदा बसते आणि दर वेळी असं विचारते, “यामुळे काही बदलेल का?” बुधवारी वर्ग जुळले तर गळती सुरू झाली, कारण हॉलच्या पलीकडच्या टोकाच्या तारा लांब होत्या आणि मी राखीव जागा जवळच्या तारांच्या हिशेबाने ठेवली होती. कललेल्या वगराळ्याची जागा! आबांच्या मुलीने हीच चूक करावी, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी ती कुणाला न बोलता दुरुस्त केली.

घरी सल्ले चालू होतेच. “पाइप मोठा करा,” केशवराव म्हणाले. पाइप पुरेसा मोठा आहे असं मी सांगितलं, तर “मग कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धा उघडा असणार,” म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंनी एक लिंबू आणून दिलं. “मशिनीवरून उतरव. एवढी शेकडो नवीकोरी यंत्रं एका खोलीत, दृष्ट लागल्याशिवाय राहते होय?” मी इंजिनिअर आहे, हे त्यांना सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या आठवड्यात माझी बाजू तशी भक्कम नव्हती. लिंबू पर्समध्ये टाकलं.

डेटा सेंटरच्या दारावर पर्स यंत्रातून गेली आणि पहारेकऱ्याने मला बाजूला घेतलं.

“मॅडम, खाने की चीज अंदर नक्को.”

“खाने की नहीं है.”

“फिर कायकू है?”

मी हवेतच ओवाळल्यासारखा हात फिरवून दाखवला. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा लिंबाकडे बघितलं. मग समजुतीने मान हलवून म्हणाला, “हौ. तो यहीं रखता मैं, दरवाजे पे. दरवाजे से भी काम करता वो.” आणि त्याने ते आपल्या रजिस्टरवर वजन म्हणून ठेवलं.

गुरुवारी शेवटचा मुद्दा निघाला. स्विचमध्ये एक राखणदार बसवता येतो. एखादा सर्व्हर बिघडून सारखा ‘थांब, थांब’च म्हणत बसला, तर राखणदार थोडी वाट बघतो. मग त्याच्या वाटची पॅकेटं टाकून देतो, म्हणजे बाकीच्यांची वाट मोकळी होते. तो सर्व्हर ताळ्यावर आला की त्याला पुन्हा रांगेत घेतो. युवराजने हे ऐकून भुवया उंचावल्या.

“म्हणजे मॅडम, बिनगळतीच्या व्यवस्थेत तुम्हीच गळती करणार?”

“फक्त कुणी अडून बसलं तर.”

“करारात गळती शून्य लिहिलंय.”

कौस्तुभ, माझा कामातला जोडीदार, हळूच म्हणाला, “ताई, ठेवू या ना. गरज पडली नाही तर नुसता बसून राहील.”

पण सोमवारपासून माझ्या अब्रूची बरीच पॅकेटं गळली होती. मी ताठ मानेने म्हटलं, “काढून टाक. माझ्या व्यवस्थेत काहीही टाकलं जाणार नाही.” त्यात युवराजला उत्तर देण्याची खुमखुमी होती, हे खरं. पण कुणाच्या तरी वाटचं जाणूनबुजून टाकून पुढे जायचं, हे त्या आठवड्यात मला एरवीही पटलं नसतं.

शुक्रवारी आईबरोबर बेगम बाजारात गेले. पत्रावळी, गूळ, खसखस. पत्रावळीवाल्याने आबांची चौकशी केली. आईने “गेले” म्हटलं. त्याने वरची पत्रावळ काढून टाकली, कारण तिची एक काडी निघाली होती, आणि खालच्या गठ्ठ्यातली चांगली दिली. आबा तशाच निवडून घ्यायचे.

शनिवारी घरचं श्राद्ध आटोपून आम्ही हॉलवर पोचलो. मी पदर खोचला, आबांचा पंचा खांद्यावर टाकला आणि वाढप्यांना गोळा केलं. मंडळातली नोकरदार मंडळी. पुढे वरणाच्या बादलीला ओमकार, बँकेत असतो. सभ्य माणूस. इतका सभ्य, की त्याच्या काउंटरची रांग बाहेरच्या बसस्टॉपपर्यंत जाते म्हणतात.

“हाताकडे बघायचं,” मी आबांच्या आवाजात सांगितलं. “हात आडवा आला की थांबायचं. हात हटेपर्यंत पुढे सरकायचं नाही. आग्रह नाही, घाई नाही, कुणाच्या हातावर वाढायचं नाही आणि कुणाला वगळायचं नाही.”

“हौ ताई,” ओमकार म्हणाला.

दोन समोरासमोर पंगती, मधे अरुंद वाट; कारण हॉलच्या भिंतीला मंडळाच्या लोखंडी खुर्च्या रचलेल्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर गेली. भात गेला. मानाच्या पहिल्या पानावर तातेराव बसले होते. आबांचे पोस्टातले मित्र. दोघांनी नोकरीभर एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. ओमकार वरण घेऊन त्यांच्यापुढे वाकला आणि तातेरावांचा हात पानावर आडवा आला.

ओमकार थांबला. तातेरावांनी हात तसाच ठेवून वर पाहिलं. “वरण म्हटलं की आबासाहेब आठवतात बघा. एकदा आम्ही दोघं परभणीला गेलो होतो…”

गोष्ट सुरू झाली. परभणीची गाडी पूर्णेला थांबली. तातेरावांचा हात पानावरच. ओमकार वाकलेलाच. त्याच्यामागे तुपाची वाटी घेतलेला थांबला, त्याच्यामागे भजी, त्याच्यामागे कढी. आतून गरम वडे घेऊन निघालेला माणूस दारात अडकला आणि त्याच्यामागे स्वयंपाकघर अडकलं. आमच्याकडे शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही. दोन्ही पंगती भाताच्या मुदीकडे बघत मांडीवर हात ठेवून बसल्या. सुशीलाबाईंनी एकदा घड्याळ पाहिलं. केशवराव लांबून माझ्याकडे बघत होते, आणि ते एका शब्दानेही ‘बुफे’ म्हणत नव्हते, हे फार बोलकं होतं.

मला तातेरावांना काही म्हणवेना. ते आबांची आठवण सांगत होते. आजच्या दिवशी आबांची आठवण मधेच कशी तोडायची? मी पंचा सावरून उभी राहिले. काही सांडलं नव्हतं. कुणी वगळलं गेलं नव्हतं. सगळं माझ्या सूचनांप्रमाणे होतं.

इतक्यात फोन थरथरला. कौस्तुभ.

“ताई, चाचणी सुरू झालीय. गळती शून्य आहे.”

“छान.”

“म्हणजे एकही पॅकेट पडलं नाही.”

“कळलं रे. मग फोन कशाला?”

“ताई… काहीच हलत नाहीये. अख्खा हॉल थांबलाय. प्रत्येक जण पुढच्याची वाट बघतोय. युवराज मघापासून काही बोलले नाहीत, आणि ते बोलत होते तेच बरं होतं.”

मी फोन कानाला धरून समोर बघत राहिले. परभणीची गाडी अजून पूर्णेलाच होती.

स्वयंपाकघराच्या दारातल्या वडेवाल्याला बाजूला सारून आई बाहेर आली. “काय करायलेत गं सगळे?” असं म्हणत ती रांगेच्या कडेने पुढे आली. तिने ओमकारच्या हातून बादली आणि वगराळं घेतलं. तातेरावांसमोर क्षणभर थांबली. मग वाकून, गोष्ट न तोडता, हळू आवाजात म्हणाली, “पुढे जाऊ का? फिरून येते.”

तातेरावांनी बोलता बोलताच मान डोलावली. आईने दुसऱ्या पानावर वरण वाढलं. तिसऱ्या. तूप हललं, भजी हलली, दारातले वडे पंगतीत आले.

पुढे जाऊ का, फिरून येतो. हे आबांचं वाक्य होतं. वाढप्यांच्या मागून फिरताना दर पंगतीत ते चार ठिकाणी म्हणायचे, इतक्या हळू, की मी ते नुसतं सौजन्य समजत आले होते. ते सौजन्यच होतं, पण तेवढंच नव्हतं. त्यांनी कधी कुणाला घाई केली नाही आणि एका पानासाठी कधी पंगत खोळंबू दिली नाही; आणि हे दोन्ही एका वाक्यात, त्या माणसाला कळूही न देता. मी त्यांचे सगळे नियम उचलले होते. नियम म्हणून जे त्यांनी कधी सांगितलं नाही, ते तेवढं राहिलं होतं.

“ताई? आहात ना?”

“आहे. कौस्तुभ, कुठलातरी एक सर्व्हर सारखा ‘थांब’ म्हणतोय. त्याचं नेटवर्क कार्ड बिघडलं असणार. त्याच्यासाठी त्याचा स्विच अडलाय, त्या स्विचसाठी मागचा. राखणदार बसव.”

“समितीची मंजुरी?”

तिकडून भाग्यलक्ष्मी मॅडमचा आवाज आला. “चढा दो रे. कमिटी को पुतरेकू मैं खिलाती.”

मग युवराज. “पण मॅडम, मग पॅकेटं पडणार.”

“पडतील. त्या एकाच्या वाटची. बाकीचे जेवतील.”

“जेवतील?”

“चालतील,” मी म्हटलं. “आणि तो बरा झाला की त्यालाही फिरून वाढायचं आहे. सोय आहे त्याची.” मी फोन ठेवला. आई शेवटच्या पानाशी पोचली होती. मी मोठ्याने म्हटलं, “सुरुवात करा मंडळी,” आणि दोन्ही पंगतींतून घास उचलल्याचा तो एक आवाज झाला, जो बुफेत कधी होत नाही.

आई पहिल्या पानाशी परतली तेव्हा परभणीची गोष्ट संपली होती आणि तातेरावांनी हात उचलला होता. भात जरा निवला होता. त्यांनी वरण दोनदा घेतलं.

चाचणी पार पडली. त्या सर्व्हरचं कार्ड बदललं. अहवालात ‘गळती शून्य’च्या जागी काय लिहायचं, यावर युवराजने बराच विचार केला आणि ‘गळती नगण्य, वाहतूक सुरळीत’ असं लिहिलं. मला ते वाक्य फार आवडलं. केशवराव म्हणतात, व्हॉल्व्ह अडकलाय हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. सुशीलाबाई म्हणतात, लिंबू. पहारेकऱ्याचंही तेच मत आहे. त्याने ते अजून दारावर ठेवलंय, सुकलंय, पण परत द्यायला तयार नाही.

पाहुणे उठल्यावर शेवटची पंगत घरच्यांची आणि वाढप्यांची. पंचा घडी करून मी मांडीवर ठेवला. ओमकार शेजारी अवघडून बसला होता. मी त्याला म्हटलं, सूचना माझी होती, तुझी चूक नाही. आईला आम्ही सगळे बस बस म्हणत होतो, पण खीर ती स्वतःच वाढत होती. आमच्याकडची गव्हाची खीर, घट्ट, पानातच वाढतात.

ती माझ्यापुढे आली. माझा हात पानावर आडवा होता. मी तो ठेवल्याचं मला आठवत नाही.

आई थांबली. बादली जड होती, ती तिने दुसऱ्या हातात घेतली. आग्रह केला नाही.

“पुढे जाऊ का?” तिने विचारलं.

मी हात उचलला.

तिने खीर वाढली. गूळ आबांना आवडायचा तेवढाच होता, वासावरूनच कळलं. मी पुरे म्हणेपर्यंत दुसरं वगराळं कललं होतं. पानात जागा होती.